सोनुबाईची मोजणी

आमच्या खोलीत अठरावा वाढदिवस कुणी साजरा करत नाही. बाकी जगातली पोरं अठरा पुरी व्हायची वाट बघतात. लायसन्स, मतदान, काय काय असतं. आमच्याकडं अठरा झाले की पोराची फाईल उचलायची आणि कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला मोठ्यांच्या विभागात नेऊन द्यायची. मधलं अंतर साठ-सत्तर पावलांचं असेल. तेवढ्यात पोरं हरवतात.

मी रचना. बेळगावच्या एका सरकारी दवाखान्यात एचआयव्ही असलेल्या मुलांची समुपदेशक आहे. हिंडलग्याहून स्कूटरवर येते, साडेनऊला खोली उघडते. ही मुलं जन्मतःच आईकडून हा आजार घेऊन आलेली. रोज एक गोळी, ठरलेल्या वेळी, आयुष्यभर. गोळी घेतली की माणूस शिकतं, नोकरी करतं, लग्न करतं, म्हातारं होतं. नाही घेतली तर यातलं काही होत नाही. सांगायला एवढंच आहे, आणि हे सांगण्यात माझी सोळा वर्षं गेली.

गेल्या तीन वर्षांत मी सतरा मुलं मोठ्यांकडं पाठवली. त्यातली सात आता कुठंच येत नाहीत. तिकडं बुद्धप्रिय नावाचा एकच समुपदेशक आहे, तो दिवसाला दीडशे माणसं बघतो. माणूस वाईट नाही, पण 'जेवलास का रं' विचारायला त्याला सवड नाही. पोरं एकदा जातात, रांग बघतात, 'मुंदिनवरु, मुंदिनवरु' अशी पुढच्यांना बोलावणारी हाळी ऐकतात आणि घरी जातात. पूर्वी मी अशा पोरांच्या मागं लागायचे. फोन करायचे, घरी जायचे, शिव्या खायचे. आता फोन हातात घेतला की आधी थकवा येतो. मग मी टेबल पुसते, पोस्टरची निघालेली टोकं चिकटवते आणि फोन उद्यावर टाकते. हे कबूल करायला मला लाज वाटते, पण आहे ते असं आहे.

वरून यंदा एक नवा फॉर्म आला. पोरगं मोठ्यांकडं पाठवायच्या आधी भरायचा. 'स्वतःच्या औषधाचं नाव सांगू शकतो का?' 'स्वतः तारीख लक्षात ठेवतो का?' पुढं बरोबरच्या खुणेला चौकोन. तो ज्यानं केला त्याला एकदा आमच्या बाकड्यावर दिवसभर बसवायला पाहिजे. पण उपासनाचा फॉर्म मी हसत हसत काढला होता. सगळ्या चौकोनांत खुणा करता येतील असं ते एकच पोरगं होतं.

उपासना निपाणीची. आई-बाप वर्षभराच्या अंतरानं गेले, तेव्हा ती तीन वर्षांची होती. आईची आई, सोनुबाई, तिला कडेवर घेऊन पहिल्यांदा आली ते मला आठवतं. पोरीच्या नाकाला शेंबूड आणि म्हातारीच्या लुगड्याला तंबाखूचा वास. सोनुबाई विड्या वळते. आयुष्यभर तेच केलं. निपाणीत घराघरांत बायका सूप मांडीवर घेऊन बसतात, पान कातरतात, तंबाखू भरतात, दोरा गुंडाळतात आणि पंचवीस विड्यांचा एक कट्टा बांधतात. बोलता बोलता बोटं मोजत असतात. सोनुबाईला कधी मोजताना बघितलं नाही, पण तिची मोजणी कधी चुकल्याचंही बघितलं नाही.

आमच्याकडं दर खेपेला उरलेल्या गोळ्या परत आणायच्या असतात. आम्ही त्या मोजतो. नव्वद दिल्या, शहाऐंशी दिवस झाले, तर चार उरायला पाहिजेत. कुणाच्या नऊ उरतात, कुणाच्या वीस, कुणी डबीच विसरून येतं. सोनुबाईच्या डबीत चार म्हणजे चार. पंधरा वर्षं. मी इतर आयांना सांगायचे, "त्या सोनुबाईकडून शिका जरा. शाळेचं तोंड बघितलेलं नाही बाईनं, पण हिशेब बघा." सोनुबाई पदर तोंडाला लावून हसायची. शेवटी शेवटी तर मी डबीत एक नजर टाकायचे. "तुमचं काय मोजायचं," म्हणून नुसता आकडा लिहायचे.

गेल्या वर्षी उपासना बेळगावात कॉलेजला आली, हॉस्टेलवर राहिली. तेव्हापासून गोळ्यांना सोनुबाई एकटीच यायची. निपाणीहून बसनं यायची, हॉस्टेलच्या गेटवर नातीकडून डबी घ्यायची, इथं आणायची, नव्या डब्या घ्यायची, गेटवर देऊन परत जायची. "पोरीचं कालेज बुडाय नगं बाई," म्हणायची. पेशंट बघितल्याशिवाय गोळ्या द्यायच्या नाहीत, हा नियम मला पाठ आहे. पण सोनुबाईला कसला नियम लावायचा? मी डोळ्यांवर कातडं ओढलं आणि त्याला समजूतदारपणा म्हटलं.

पाठवणीच्या फाईलला रक्ताचा नवा रिपोर्ट लागतो, रक्तात विषाणू किती आहे याचा. वर्षातून एकदाच होतो. उपासनाला जूनमध्ये बोलावून रक्त घेतलं. दरवर्षी तिचा रिपोर्ट 'आढळला नाही' असा यायचा. यंदा आकडा आला, अडतीस हजार.

मी सरळ लॅबला फोन लावून भांडले. नमुने बदलले असतील म्हटलं. पुन्हा रक्त घेतलं, तर एक्केचाळीस हजार आला. डॉक्टर म्हणाले, "रचना, पोरगी गोळ्या घेत नाहीये. तीन महिने नीट घेऊन बघू दे. आकडा उतरला तर ठीक, नाहीतर या गोळ्या गेल्या कामातून. मग पुढचं औषध, आणि त्याच्या पुढं आपल्याकडं फार काही नाही. तिकडं कधी पाठवायची ते तू ठरव."

"सर, तिची मोजणी बरोबर आहे," मी म्हटलं.

त्यांनी रिपोर्ट माझ्याकडं सरकवला.

दोघींना एकदमच बोलावलं. सोनुबाई नेहमीसारखी पुढं, उपासना मागं. पोरगी आता उंच झालीय, खांद्याला कॉलेजची बॅग होती. मी रिपोर्ट समजावला. पोरगी जमिनीकडं बघत होती. मी तिला विचारलं, "गोळी किती वाजता घेतेस?"

"नवाला," सोनुबाई म्हणाली. "रातच्याला नवाला. जेवन झालं की."

"रोज?"

"व्हय की. रोजच्या रोज," पुन्हा सोनुबाईच.

मी वैतागून म्हटलं, "सोनुबाई, जरा बाहेर बसा. मला तिच्याशी बोलायचंय."

ती हलली नाही. पंधरा वर्षांत मी तिला बाहेर बसा असं कधी म्हटलंच नव्हतं. तिला वाटलं आपण ऐकण्यात चुकलो. दुसऱ्यांदा सांगितल्यावर पिशवी छातीशी धरून उठली, आणि दाराबाहेर अशी बसली की तिचा पदर आतून दिसत राहिला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीपासनं," उपासना म्हणाली. मी अजून वाद घालायच्या तयारीत होते. ती इतक्या लवकर बोलेल असं वाटलं नव्हतं.

"का गं?"

"खोलीत चौघी आहोत आक्का. रोज कसली गोळी, म्हणून विचारायच्या. मी थायरॉईडची म्हणून सांगितलं. तर एकीच्या आईला थायरॉईड हाय. ती म्हणली, ती गोळी तर सकाळी उपाशीपोटी घेत्यात, तुझी रात्रीची कशी? मग मी बाथरूममध्ये घ्यायला लागले. कधी घेतली, कधी न्हाय. मग न्हायच."

"आणि काही झालं नाही म्हणून बरं वाटलं."

"व्हय," ती म्हणाली. "लई बरं वाटलं. आठवड्यात एखादी घेतली तरी काही होईना. मला वाटलं, बघ, मी बी बाकीच्यांसारखी हाय."

मला राग आला होता. मी म्हटलं, "मला का सांगितलं नाहीस?"

"तुम्ही मला कधी विचारलंय? तुम्ही आजीला विचारायचा."

हे खरं होतं. पंधरा वर्षांच्या फाईलमध्ये माझ्या अक्षरात उपासनाबद्दल शंभर नोंदी असतील. त्यातली एकही तिच्या तोंडची नव्हती. सगळं म्हातारी सांगायची आणि मी लिहायचे.

"मग मोजणी बरोबर कशी यायची?"

तिनं दाराकडं बघितलं. मी सोनुबाईला आत बोलावलं, आणि आवाज चढू द्यायचा नाही असं ठरवूनही चढवला. "डबीत चारच गोळ्या कशा असायच्या हो? बाकीच्या कुठं गेल्या?"

सोनुबाईनं पिशवीत हात घातला, रुमालाची गाठ सोडली आणि एक स्टीलचा डबा टेबलावर ठेवला. आत पांढऱ्या गोळ्या काठोकाठ होत्या.

"एकशे बेचाळीस हाईत," ती म्हणाली. "मोजून घ्या. एक बी टाकली न्हाय."

मी डोक्याला हात लावला. म्हातारी हॉस्टेलच्या गेटवर डबी घ्यायची आणि मधल्या बस स्टॉपच्या बाकावर बसून जास्तीच्या गोळ्या काढून घ्यायची. चार उरायला पाहिजेत तर चार ठेवायच्या, बाकीच्या डब्यात. मग मोजणी बरोबर करून माझ्याकडं यायची.

"अहो पण का?"

"आमच्यात तसंच करत्यात की बाई." ती मला लहान पोरीला सांगावं तसं सांगू लागली. "कारखान्याचा मानूस कट्टं मोजतोय. एक कट्टा उना आला की सगळा माल परत करतोय. दिवसभराचं काम मातीत. मग शेजारची बाई तिचं दोन कट्टं देती. माझं जास्ती झालं तर मी ठिवते, उद्या दुसरीला पुरं करून देते. मालुबाईचं मी पुरं केल्यात, माझं तिनं. ते काय खोटं न्हाय. मोजनी पुरी झाली पायजे, एवढंच."

"या विड्या आहेत का?"

"न्हाईत. पन तुम्ही तर मोजतासाच की."

तिनं मग दुसरं सांगितलं, तेही शांतपणे, माझ्याकडं न बघता.

"सा वर्सं झाली. ती नागुबाई यायची, आमच्या निपानीचीच. तिच्या डबीत अकरा जास्ती निघाल्या. तुम्ही तिला हितंच, भाईर कॉरिडॉरात, समद्यांच्या म्होरं बोल्लासा. 'पोराला मारायचंय का तुम्हाला' म्हनून. मी बाकड्यावर हुते. ती परत आली न्हाय. मी तवाच मनात म्हनलं, सोनू, तुझी मोजनी कवा बी चुकायला नगं."

नागुबाई मला आठवत होती. तिचा मुलगा आदर्श, डाव्या हातानं चित्रं काढायचा. ती यायची बंद झाली तेव्हा मी स्वतःला सांगितलं होतं की निपाणीला कोल्हापूर जवळ आहे, तिकडं जात असेल. सहा वर्षं मी हेच धरून बसले होते.

"कोल्हापूरला जातात ना ते?" मी विचारलं.

"कुटंच न्हाय जात," सोनुबाई म्हणाली.

बाहेर एक मूल इंजेक्शनला घाबरून रडत होतं. सोनुबाईनं पोरीला वाचवायचं म्हणून गोळ्या लपवल्या आणि तिला तसं करायला मीच शिकवलं. ओरडून शिकवलं, आणि वर कौतुक करून पक्कं केलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथं मूठ तिघींनी मिळून झाकली होती, आणि आत पोरीचा जीव होता. मला एवढं थकल्यासारखं झालं की तिथंच टेबलावर डोकं ठेवून झोपावंसं वाटलं.

तरी काम होतंच. मी म्हटलं, "उपासना, हा फॉर्म मी थांबवते. तीन महिने तू माझ्याकडंच ये. दर आठवड्याला. मी स्वतः बघते."

"नको आक्का. मला तिकडं पाठवा."

"तिकडं तुला कोण ओळखतं? दीडशे माणसांत तू एक. सात पोरं माझी तिकडं गेली आणि..."

"म्हणूनच पाठवा," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज नीट होता. "हितं माझी मोजणी कधी चुकलीच न्हाय. तुम्ही सगळ्यांना माझं नाव सांगतासा. हितं मी चुकले म्हणून कसं सांगू? रोज तुमचं तोंड बघून परत खोटंच बोलीन मी. तिकडं कुणाला काय म्हाईत न्हाय, तिथं सांगता येईल."

मला वाईट वाटलं. अगदी खरं सांगायचं तर अपमान वाटला. एवढी वर्षं लहानाचं मोठं केलेलं पोरगं म्हणतं, तुमच्यासमोर खरं बोलता येत नाही. पण ते माझं दुखणं झालं, तिचं नव्हे. मी फॉर्म घेतला. 'स्वतःच्या तब्येतीबद्दल स्वतः बोलू शकते का?' या चौकोनात खूण केली. बाकीचे तसेच सोडले.

दुसऱ्या दिवशी फाईल घेऊन मी बुद्धप्रियकडं गेले. त्याच्या टेबलावर फाईलींची चवड, चहाचा कप त्यावरच. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, "एकच मागणं आहे. गोळ्या जास्त निघाल्या तर ओरडू नकोस. विचार फक्त."

"म्याडम," तो मान वर न करता म्हणाला, "मला एका माणसाला चार मिनिटं मिळत्यात. त्यात ओरडायला कुठनं वेळ काढू?"

मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं असेल.

डब्यातल्या एकशे बेचाळीस गोळ्या मी जमा करून घेतल्या. सोनुबाईला ते पटलं नाही. "लाकडाऊनात बस बंद झाली तवा गोळ्या मिळंनात, ठावं हाय न्हवं? असू द्या जवळ," म्हणाली. मी दिल्या नाहीत. रिकामा डबा तिनं तसाच पिशवीत टाकला. उपासनाला एका महिन्याच्या तीस गोळ्यांची नवी डबी मिळाली. डबी पोरीच्या हातात दिली, म्हातारीच्या नाही. सोनुबाईचा हात सवयीनं पुढं आला आणि तसाच परत गेला.

तो महिना मी फोन केला नाही. रोज हात फोनकडं जायचा. या वेळी थकून नव्हे, मुद्दाम थांबले. हे जास्त अवघड होतं.

तिसाव्या दिवशी मोठ्यांच्या विभागात माझं काही काम नव्हतं. मी एक रिकामी फाईल काखेत मारली आणि गेले. बाकड्यावर सोनुबाई बसली होती. "कशाला आलासा, पोरगी जाती की एकटी," असं मी म्हणणार होते, पण मग मला कुणीतरी तेच विचारलं असतं. मी तिच्या शेजारी बसले. बुद्धप्रियच्या खोलीला दार नाही, हिरवा पडदा आहे. आतलं बोलणं नको म्हटलं तरी ऐकू येतं.

"डबी आणलीय?" बुद्धप्रियचा आवाज.

"हां सर."

सोनुबाई ताठ झाली. आज डबी रिकामी असायला पाहिजे होती. तीस दिवस, तीस गोळ्या.

"किती राहिल्यात?"

सोनुबाईचा हात पिशवीत गेला. काय शोधत होती कोण जाणे. तो रिकामा डबा असेल, सवय असेल. मी तिचं मनगट धरलं. हाड न् हाड लागलं हाताला.

"चार," उपासना म्हणाली. "चार राहिल्यात सर. मी चुकवल्या."

"कुठल्या दिवशी?"

"शनिवारी. चारी शनिवारी. मैत्रिणी रात्री माझ्याच खोलीत बसत्यात, उठता येत न्हाय. बाकी सगळ्या घेतल्या."

आता तो काय म्हणतो? चार चुकल्या म्हणजे पुरेसं नाही, हे त्याला माहीत, मला माहीत. आकडा उतरेलच असं नाही. चिठ्ठी फाडल्याचा आवाज आला.

"मैत्रिणींना कसली गोळी म्हणून सांगितलंय?"

"थायरॉईडची."

"मग थायरॉईडच्याच वेळेला घे की. सकाळी उठल्या उठल्या. उद्यापासनं. रात्रीचं सोडून दे. पुढच्या महिन्यात सांग कितपत जमलं ते. मुंदिनवरु!"

चार मिनिटंही झाली नव्हती. सकाळी घे. एवढं साधं सोळा वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मला ते ऐकून लाज वाटली आणि बरंही वाटलं.

सोनुबाई अजून पडद्याकडं बघत होती.

"बाई," ती हळूच म्हणाली, "चुकली की हो मोजनी."

"चुकू दे," मी म्हटलं.

"तो वरडला न्हाय."

"नाही ओरडला."

उपासना पडदा सारून बाहेर आली. हातात जुन्या डबीतल्या चार गोळ्या होत्या. आम्हा दोघींना बाकड्यावर बघून थबकली. मग तिनं त्या चार गोळ्या सोनुबाईच्या तळहातावर ठेवल्या.

"मोज," ती आजीला म्हणाली.

सोनुबाईनं एकेक गोळी बोटानं सरकवत मोजली, पहिल्यांदाच मोठ्यानं. मग मूठ न मिटता तो हात तसाच नातीपुढं धरला.

"चार," ती म्हणाली. "घे. तुझ्या हाईत."